माणसांवर बसवलेले शब्द

क्रेड म्हणजे आबा. लोक्व म्हणजे फुई. टेन म्हणजे माय. आणि व्होर म्हणजे आमची शेळी, जी कडबा संपला की दोरीवर वाळत घातलेलं धोतरही खायची. इंग्रजीतल्या अवघड शब्दांची ही मुळं सुधाकर सरांनी मला शिकवली, आणि ती डोक्यात राहावीत म्हणून प्रत्येक मुळावर आमच्या घरातलं एक माणूस बसवलं. आज या वयातही कुणी 'टेनॅशस' म्हणालं की पदराच्या टोकाला किल्ली बांधून गाठ दातांनी आवळणारी माय मला दिसते. धरलेलं न सोडणारी. शब्द इतके पक्के बसले की उठवता येत नाहीत. केळीच्या व्यापारात मला तापट म्हणतात. विसरवाडीच्या नाक्यावर ट्रकवाले माझी गाडी दिसली की चहा अर्धा टाकून उठतात. कुणी म्हणालं, 'शेठ, विश्वास ठेवा,' की माझा आवाज चढलाच म्हणून समजा. हा स्वभाव मी जन्माला येताना आणलेला नाही. तो मला खांडबाऱ्याच्या घरात, शाळेच्या शेवटच्या वर्षात मिळाला.

घर स्टेशनापासून जवळ होतं. मालगाडी गेली की मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि फुई तेवढ्यापुरती थांबायची. गाडी गेली की वाक्य जिथं तुटलं तिथूनच पुढं सुरू. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. ती चुलीशी बोलायची, शेळीशी बोलायची, न आलेल्या पाहुण्याशीही बोलायची. माय कमी बोलायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठेका होता. तो ठेका अडखळला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. आबा, म्हणजे माझे वडील, बैलांचे दलाल. ठिकठिकाणच्या आठवडे बाजारांत जायचे, विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभे राहायचे आणि सौदा जमवायचे.

हा सौदा तोंडानं होत नसे. एकाचा हात, दुसऱ्याचा हात, वर आबांच्या खांद्यावरचा रुमाल. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. त्यावरून आकडा कळायचा, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना मात्र काही दिसायचं नाही. शेवटी तळहात तळहातावर दाबला की सौदा झाला. मग तो मोडायचा नाही, आणि आत काय झालं ते कुणाला सांगायचंही नाही. मला चालता यायला लागल्यापासून आबांचं एक वाक्य मी ऐकत आलो: "रुमालखालनी गोट रुमालखालेच ऱ्हास." जो ते बाहेर बोलला त्याच्यासमोर पुन्हा कुणी हात धरत नसे. त्याला बाजारात बैल मिळायचा, पण माणूस मिळायचा नाही.

दलालाच्या धंद्यात संशय ही भाकरी असते. आबांकडे ती नव्हती. समोरचा जे सांगेल ते त्यांना पटायचं. मी एकदा म्हटलं, "आबा, जरा इचारत जा ना." तर म्हणाले, "माणूस बोलना म्हणजे बोलना. मंग इचारानं कसाले?" गंमत अशी की याच गुणावर त्यांचा धंदा चालायचा. शेतकरी म्हणायचे, आबा मध्ये असतील तर लबाडी नाही. पण या गुणानं एकदा त्यांना बुडवलं होतं, आणि ते आमचं घर आणि त्या सौद्यातली दोन माणसं सोडून कुणालाच माहीत नव्हतं. एका माणसानं त्यांना एक देखणा पांढरा बैल विकायला दिला. नवी माणसं पाहून बुजतो, एवढंच म्हणाला. आबांनी तो तापीकाठच्या एका शेतकऱ्याला जमवून दिला. बैल बसका निघाला. मानेवर जू ठेवलं की खाली बसायचा, आणि शेपटी पिरगाळली तरी उठायचा नाही. शेतकरी रडकुंडीला आला. आबांनी विकणाऱ्याशी भांडण केलं नाही. बैल स्वतः परत घेतला, शेतकऱ्याचे पैसे त्याला देऊन टाकले, आणि तो आपल्यालाच आवडला असं बाजारात सांगितलं, "मालेच आवडना. घरसाठी लिधा." तो बैल आमच्या अंगणात राहिला. त्यानं कधी काम केलं नाही म्हणून फुईनं त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. "साहेबले पाणी दाखाडं रे," असं ती मला रोज सांगायची. आम्ही हसायचो, आबाही हसायचे. पण उंबऱ्याबाहेर त्या बैलाची खरी गोष्ट कुणी काढायची नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. आपला दलाल फसतो हे कळलं की बाजार त्याला सोलून काढतो.

अशा घरात सुधाकर सर आले. घाटाकडचे, तरुण, शाळेत इंग्रजीला नवीन. त्यांना जेवणाची सोय हवी होती, मला इंग्रजी हवं होतं. स्टेशनावर सुरतेकडचे व्यापारी उतरायचे. त्यांच्यात इंग्रजी बोलणारा जो असे, तो कधी ओरडत नसे, तरी हमाल आधी त्याच्याकडे धावत. मला तसं व्हायचं होतं. मीच सरांना गाठलं आणि सौदा घातला. आमच्या माडीवर राहा, दोन्ही वेळ आमच्याकडं जेवा, आणि मला रोज शब्द द्या. पाठ्यपुस्तकातले नकोत, मोठे द्या. सर हसले. म्हणाले, "भटू, तू शिकायला आलायस की बैल घ्यायला?" मी म्हटलं, "दोन्ही एकच शे सर." सर आले. पहिल्या दिवशी वाफवलेल्या डाळीचे फुनके आणि कढी होती. माय दाराआडून म्हणाली, "मास्तर, आखो एक भाकर ल्या." सर नको म्हणाले. फुई मागे बसून बघत होती. रात्री मला म्हणाली, "हाऊ मास्तर जेवस कमी न् पाहस जास्त." बडबड्या माणसाचं कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नाही.

शिकवायला मात्र माणूस जबरदस्त होता. हे मान्य करायला मला आजही आवडत नाही, पण खोटा भाव मी कधी सांगत नाही. ते म्हणाले, शब्द पाठ करू नकोस, त्याचं मूळ धर. एक मूळ धरलं की डझनभर फांद्या हातात येतात. स्पेक्ट म्हणजे पाहणं, मग स्पेक्टेटर आला, इन्स्पेक्ट आला, रेट्रोस्पेक्ट आला. व्होक म्हणजे हाक. रिव्होक म्हणजे दिलेली हाक मागं घेणं, आणि इर्रिव्होकेबल म्हणजे जे मागं बोलावता येत नाही ते. मी लगेच म्हटलं, "म्हणजे रुमालाखालचा सौदा." सर चमकले. म्हणाले, "असंच! हेच कर. प्रत्येक मुळाला तुझ्या घरातलं काहीतरी जोड. जितकं जवळचं, जितकं खासगी, तितकं पक्कं." मग ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. लोक्व म्हणजे बोलणं, त्यावर फुई बसली. लोक्वेशस म्हणजे बडबडी, आणि सोलिलोक्वी म्हणजे फुई चुलीशी बोलते ते. टेनवर माय. ल्यूस म्हणजे उजेड, त्यावर मी सरांनाच बसवलं, कारण माडीवरचा त्यांचा कंदील खालून फटीतून दिसायचा. आणि क्रेड म्हणजे विश्वास. क्रेडिट, क्रेडिबल, क्रेडेन्शियल हे सोपे. क्रेड्युलस अवघड होता. चटकन, न तपासता विश्वास ठेवणारा. सर म्हणाले, "याला घरातलं कोण?"

मी आधी जिन्यातून खाली डोकावून पाहिलं. मग म्हटलं, सांगतो, पण ही गोष्ट अंगणाबाहेर जायची नाही. सर म्हणाले, अर्थात. मला तेवढं पुरेना. मी खाली जाऊन खुंटीवरचा आबांचा रुमाल घेऊन आलो, सरांच्या हातावर टाकला, खाली माझा हात घातला आणि त्याचा अर्थ त्यांना समजावला. सरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तळहात माझ्या तळहातावर दाबला, घट्ट. मी त्यांना साहेबाची पूर्ण गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून क्रेड्युलस मी कधी विसरलो नाही.

आमच्या भागात जन्मलेल्या कुठल्याही पोराला वाटलं असतं तेच मला वाटलं. हात दाबला, सौदा झाला. रुमाल ज्यानं कधी पाहिलाच नाही त्याच्यासाठी तो कापडाचा तुकडाच असतो, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुढं शहाद्याला शिक्षकांचा एक मोठा मेळावा ठरला. चांगले शिकवणारे शिक्षक तिथं सगळ्यांसमोर पाठ घेणार होते. सर मला घेऊन गेले. म्हणाले, मी विचारीन, तू सांगायचं, बस. आबाही आले. त्यांना शहाद्यात काम होतं, पण खरं म्हणजे पोराला स्टेजवर पाहायचं होतं. मायनं त्यांचं धोतर आदल्या दिवशी नीळ घालून धुतलं होतं. एस.टी.त ते खिडकीशी बसले, रुमाल खांद्यावर, आणि शेजारच्याला सांगत होते, "आंडोर इंग्रजीमा बोलणार शे." शेजारच्यानं विचारलं नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. मास्तर होते, पालक होते, मागच्या रांगांत आसपासच्या गावांचे शेतकरीही होते. आबांना ओळखणारे कितीतरी. सर एकेक शब्द टाकत गेले आणि मी मूळ सांगून फांद्या सोडवत गेलो. टाळ्या पडत होत्या. माझे कान गरम झाले होते, आनंदानं. मग एका पाहुण्यांनी विचारलं, खेड्यातल्या मुलाला हे इतकं लक्षात राहतं कसं? सर पुढं आले. मला वाटलं ते पद्धत सांगतील. त्यांनी गोष्ट सांगितली. "आता बघा, क्रेड्युलस. याच्या घरी एक दलाल आहेत..." आणि बसका बैल, बुजतो म्हणून सांगणारा विकणारा, परत घेतलेला बैल, 'घरासाठी घेतला' ही थाप, 'साहेबला पाणी दाखव', सगळं, फुईच्या आवाजाची नक्कल करून. सभागृह हसून लोळलं. मी स्टेजवर उभा होतो आणि मागच्या रांगेत आबा दिसत होते. ते इंग्रजी शब्दांना टाळ्या वाजवत होते तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं. गोष्ट मात्र मराठीत होती. त्यांचे हात टाळीसाठी उचललेले होते ते तसेच राहिले. मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. शेजारचा एक शेतकरी वळून त्यांच्याकडं पाहत होता. त्यालाच तो बैल दिला होता.

परतीच्या एस.टी.त आबा मागच्या बाकावर जाऊन बसले. सर पुढच्या सीटवर होते आणि मिळालेली शाल पुन्हा पुन्हा घडी घालत होते. घरी पोचल्याबरोबर मी माडीवर गेलो. सरांची वळकटी खाली फेकली, ट्रंक जिन्यावरून ढकलली. ती आपटत अंगणात गेली आणि साहेब दचकून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा चटकन उठला असेल. सर म्हणाले, "भटू, वेडा झालास का? मी कुणाचं नाव घेतलं का?"

"हात दाबला होता तुम्ही!"

"अरे, तो खेळ होता. आणि लोकांना किती आवडलं पाहिलंस ना?"

"खेळ? दोन येळ जेवनात ना सर मन्हा घरमा? तोबी खेळच व्हता का?" शाळेतली मराठी माझ्या तोंडातून गळून गेली होती. मी अंगावर धावलो. मायनं मला कमरेला धरलं, आणि धरलेलं ती सोडत नसे. फुई तेवढी गप्प होती. सर ट्रंक उचलून गेले. लवकरच त्यांची बदली मोठ्या गावी झाली. त्या पाठाची वाहवा झाली होती.

पुढच्या मंगळवारी मी आबांबरोबर बाजारात गेलो. शाळा होती, तरी गेलो. आबा एका जोडीपाशी थांबले. विकणारा म्हणाला, "आबा, हाऊ बैल उडस बी. पटनं ना?" भोवतीचे हसले. आबाही थोडं हसले. दुसऱ्या ठिकाणी तेच. "आबा, हाई गाय इंग्रजी बोलस. पटनं ना?" मी एकाची गचांडी धरली. आबांनी मला मागं ओढलं. मग त्यांनी रुमाल काढून हात पुढं केला, आणि समोरचा माणूस हात द्यायच्या आधी शेजाऱ्याकडं पाहून डोळा मिचकावून गेला. तेवढंच. पण रुमालाखाली हात घालताना समोरच्याचे डोळे तुमच्या डोळ्यांवर असावे लागतात. त्या दिवशी सौदा झाला नाही. पुढं लोक आबांना मध्ये घेईनासे झाले. एखादा घ्यायचा तो फसवायलाच. वर्ष उलटायच्या आत आबांनी बाजार सोडला आणि स्टेशनाबाहेर दुसऱ्याच्या चाऱ्याच्या वखारीत राखणीला बसले. मी एकदा रागानं म्हटलं, "तुम्ही सरांना काहीच कसं बोलला नाहीत?" आबा म्हणाले, "मन्हा घरमा जेवना तो. जेवता माणूसवर इस्वास नही ठेवाना, त मंग कोनवर ठेवाना?"

त्यानंतर मी स्वतःला दुसऱ्या तऱ्हेनं घडवलं. केळीच्या गाड्या भरायला लागलो, मग स्वतःच्या गाड्या केल्या, मग शहाद्यात वखार बांधली. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली, प्रत्येक घडाला स्वतः हात लावला. परदेशी गिऱ्हाइकाच्या करारातला शब्द न् शब्द मी मुळापासून सोलतो, वकिलाच्या आधी. इर्रिव्होकेबल कुठं लिहिलंय आणि कुठं मुद्दाम गाळलंय, ते मला बरोबर दिसतं. म्हणजे सरांचंच खातो, हे मला कळतं. आणि करारात 'ट्रान्सल्युसंट', म्हणजे उजेड झिरपणाऱ्या, पिशव्या आल्या की माडीवरचा तो कंदील दिसतो आणि माझी चिडचिड होते. त्या मुळावरून त्यांना उठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

सरांनी दरम्यान मोठ्या शहरात क्लास काढला, मुळांच्या पद्धतीचं पुस्तक काढलं. खूप खपलं. त्यात तो बैल आहे हे मला माहीत होतं. मी ते कधी हातात धरलं नाही. आणि परवापरवा, आबा जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, सर माझ्या वखारीत आले. वाळलेले, कानात यंत्र. म्हणाले, पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, मागच्या पानावर तुझे दोन शब्द हवेत. या पद्धतीचा पहिला विद्यार्थी, आज एवढा मोठा उद्योजक. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. मग म्हटलं, "शब्द देतो. पण माल असा नाही मिळत सर. माझे आबा त्यातून काढा. बैल, साहेब, सगळं." ते तात्काळ म्हणाले, "अरे, एवढंच ना? काढलं समज." त्यांचे डोळे ओले होते. मी उठलो. आबांचा रुमाल कचेरीत माझ्या खुर्चीमागं खुंटीला असतो. तो त्यांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. या वेळी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे माझ्या डोळ्यांवर ठेवले आणि तळहात दाबला.  मला वाटलं, आबांचं देणं आज फिटलं. त्यांनी दोनच शब्द मागितले होते, तिथं मी अख्खा परिच्छेद लिहून दिला, चांगला, मनापासून.

पुस्तक या उन्हाळ्यात कुरिअरनं आलं. माझी नात परदेशी शिकायला जायच्या परीक्षेची तयारी करतेय. तिनंच पाकीट फोडलं आणि जेवताना वाचत बसली. वाचता वाचता खुदकन हसली. म्हणाली, "आजोबा, हे बघा किती भारी. क्रेड्युलस." मी पाहिलं. आता त्यात चित्र होतं. जू टाकून बसलेला पांढरा बैल, समोर कमरेवर हात ठेवलेला, पागोटं घातलेला एक माणूस, आणि तोंड उघडं. आबांनी आयुष्यात पागोटं घातलं नाही. पुस्तक उलटं केलं तर मागच्या पानावर माझा फोटो, माझा परिच्छेद. नात विचारत होती, "कोण असेल हो हा माणूस?" मी सगळं सांगितलं, वखारीत सरांनी रुमालाखाली दाबलेल्या हातापर्यंत. तिनं पुस्तक मिटलं आणि बराच वेळ ताटातल्या वरणात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पण त्यांनी तुम्हाला प्रॉमिस केलं होतं ना?"

मी अंगणात जाऊन फोन लावला. जे तोंडाला येईल ते बोललो, शेजारच्या बंगल्यातले दिवे लागले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच जुन्या, समजावणाऱ्या आवाजात म्हणाले, "रागावू नकोस रे भटू. प्रकाशकानं घोळ केला. पुढच्या आवृत्तीत नक्की काढतो. शब्द देतो तुला."

तीन तालुक्यांत माझ्याकडून कुणी एक घड जास्तीचा नेऊ शकत नाही. आणि अंगणात फोन कानाला लावून उभा असताना, क्षणभर, मला ते पटलं.